पडलेलं शिखर आणि त्याखालची कमान : मार्कंडा व व्लादिमीर

मित्रहो, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी आम्हाला फोन करून विचारलं, की गोंदियात बसून रशियातल्या एका मध्ययुगीन चर्चबद्दल बोलायचं काय कारण? प्रश्न रास्त होता. खरं कारण रशियात नाही, ते मार्कंड्याला आहे. मार्कंड्याबद्दल आम्ही पूर्वी एक मत मांडलं होतं, लेखी मांडलं होतं, आणि ते चुकीचं होतं. ते कसं चुकलं हे आम्हाला पुष्कळ उशिरा उमगलं. उमगलं ते त्या परक्या देशातल्या देवळाचा इतिहास वाचताना. म्हणून हा वळसा.

मार्कंडा आपल्याला नवीन नाही. आपल्या तिरोडा तालुक्याच्या कडेनं जाणारी वैनगंगाच पुढे भंडारा, पवनी करत चामोर्शी तालुक्यात उतरते आणि मार्कंड्यापाशी वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी म्हटली की तीर्थ आलंच. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, आपल्याकडचेही कितीतरी लोक जातात. मृकंड ऋषींचा मुलगा मार्कंडेय, त्याला सोळाच वर्षांचं आयुष्य, यम पाश घेऊन आला तेव्हा पोरानं पिंडीला मिठी मारली, ही कथा आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली. गंमत अशी, की त्या आवारात यमधर्माचंही देऊळ आहे. हरलेल्यालाही जागा दिली आपल्या लोकांनी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण प्रश्नोत्तरात ती हमखास निघते. मार्कंड्याचं देऊळ 'हेमाडपंती' नव्हे. आपल्याकडे चुन्याशिवाय रचलेलं कुठलंही जुनं दगडी देऊळ दिसलं, की लोक हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मार्कंड्याचं मुख्य देऊळ त्याच्या आधीचं. घडण नागर शैलीची, खजुराहोच्या नात्यातली. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींचे तीन थर एकावर एक फिरलेले आहेत, देव, देवांगना, मधे मधे व्याल. ऊन कलतं तेव्हा त्या भिंतीवर सावल्या अशा सरकतात की माणूस बोलायचं विसरतो. 1870 च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आला. भारतभर देवळं पाहिलेला तो माणूस, पण इथे त्यानं मनापासून दाद दिलेली आहे.

आता मुद्द्यावर येतो. कनिंगहॅमनं पाहिलं ते देऊळ धड नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी शिखरावर वीज पडली होती. शिखराचा माथा ढासळला आणि पुढच्या मंडपाच्या छतावर कोसळला. छताच्या तुळया मोडल्या. पुढे चांद्याच्या एका गोंड राजानं त्याची डागडुजी केली. त्याच्या कारागिरांनी मंडपाच्या आत जाड, ओबडधोबड खांब उभे केले, त्यांवरून कमानी फिरवल्या आणि मोडक्या तुळयांना खालून टेकू दिला.

आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो ते नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, विद्यार्थ्यांची सहल घेऊन. बाहेरचं शिल्प पाहून पोरं भारावली होती. आत शिरलो तर हे खांब! एका मुलीनं विचारलं, "सर, हे मधेच काय बांधून ठेवलंय? काढून टाकायला नको का?" आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "नक्कीच काढायला हवं." परत आल्यावर एक लेखही लिहिला, की हे विद्रूप ठिगळ उतरवून देवळाला त्याचं मूळ रूप द्यावं. तरुण होतो, तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट नुकतीच हातात पडली होती, आणि 'मूळ' या शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो असं वाटत होतं.

आता थोडं व्लादिमीरकडे जाऊ.

मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे 190 किलोमीटरवर, क्ल्याझ्मा नदीच्या उंच काठावर हे शहर आहे. तिथलं प्रमुख देवालय म्हणजे मेरीच्या स्वर्गारोहणाचं कथीड्रल. ऑर्थोडॉक्स म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेचं, जी कीव्हच्या राजानं 988 मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलहून आणली. आंद्रेई बोगोल्युब्स्की नावाच्या राजानं हे देऊळ 1158 ते 1160 या काळात पांढऱ्या चुनखडीच्या दगडात बांधलं. भिंतीची रीत अशी : बाहेरून आणि आतून घडीव दगडांच्या दोन फळ्या, मधल्या पोकळीत खडी आणि चुना. बाहेरच्या भिंतीवर मध्यावर लहान-लहान खांबांची आणि कमानींची कोरीव पट्टी. वर सोन्याचा मुलामा दिलेला घुमट.

पंचवीस वर्षं झाली आणि 1185 मध्ये शहराला आग लागली, देऊळ जळालं. चुनखडीचा दगड आगीत सापडला की त्याचा चुनाच होतो, तो भुगा व्हायला लागतो. म्हणजे भिंती उभ्या होत्या, पण त्यांच्यात दम नव्हता. आंद्रेईचा आधीच, 1174 मध्ये, खून झालेला. गादीवर त्याचा धाकटा भाऊ व्सेवोलोद होता. त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग होते : पाडून नवं बांधावं, नाही तर जमेल तसं लिंपून पुन्हा पूर्वीसारखं दाखवावं. त्याच्या कारागिरांनी दोन्ही केलं नाही. जळक्या देवळाच्या तिन्ही बाजूंनी त्यांनी नव्या भिंती उभारल्या, जुन्या भिंतींना जागोजागी कमानी पाडून आतलं आणि बाहेरचं जोडून घेतलं, आणि वर मधल्या घुमटाभोवती चार नवे घुमट चढवले. 1189 मध्ये काम पुरं झालं. नव्या भिंतींनी जुन्यांना कवेत घेऊन आधार दिला. मार्कंड्याच्या कमानी जे करतात तेच, फक्त बाहेरून.

याचा परिणाम फार मजेदार झाला. आंद्रेईच्या देवळाची जी बाहेरची भिंत होती, ती आता आत आली. आज त्या बाजूच्या दालनात उभं राहिलं, की अंगावर ऊन-पाऊस घेण्यासाठी कोरलेली ती पट्टी छपराखाली दिसते. त्या दालनांत राजघराण्यातल्या लोकांची दफनं झाली. आता सांगा, यातलं मूळ देऊळ कोणतं? आतलं म्हणाल तर ते एकटं कधीचंच उभं राहिलं नसतं. बाहेरचं म्हणाल तर त्याच्या पोटात काय आहे?

पुढचा इतिहास भरभर सांगतो. 1238 मध्ये बातूखानाचं मंगोल सैन्य आलं. राजघराण्यातल्या बायका-मुलं आणि बिशप देवळाच्या वरच्या सज्जात लपले. सैन्यानं देवळाला आग लावली, ते आतच मेले. भिंती मात्र टिकल्या. 1408 मध्ये आंद्रेई रुब्ल्योव आणि दानिईल चोर्नी यांनी आत नवी भित्तिचित्रं काढली, त्यातली काही अजून आहेत. आणि पुढे 1470 च्या दशकात मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये मोठं कथीड्रल बांधायचं ठरलं. आधीचं बांधकाम अर्ध्यावर कोसळलं होतं, म्हणून इटलीहून फिओरावांती नावाचा वास्तुशिल्पी बोलावला. त्याला सांगण्यात आलं की आधी व्लादिमीरला जा, ते देऊळ पाहून ये. त्यानं नमुना म्हणून पाहिलं ते आंद्रेईचं अक्षत देऊळ नव्हे. ते आगीनंतर डागडुजी केलेलं, पाच घुमटांचं देऊळ होतं. मॉस्कोचं पाच घुमटी कथीड्रल 1479 मध्ये उभं राहिलं आणि पुढे रशियाभर त्याचे नमुने झाले. हे वाचलं तेव्हा आम्हाला आमचा तो लेख आठवला आणि मान खाली गेली.

आता त्या गोंड कारागिरांकडे पुन्हा बघू, या वेळी नीट.

आपली देवळं तुळईवर उभी असतात. दोन खांब, वर आडवा दगड. दगड दाबाला पक्का, पण वाकवलं की कच्चा. तुळईवर माथ्यावरून भार येतो तेव्हा तिची खालची बाजू ताणली जाते, आणि दगडाला ताण सोसत नाही. वरून शिखराचे दगड आदळल्यावर तुळयांना तडे जाणारच होते. आता तडा गेलेली तुळई बदलायची तर तिच्यावरचं सगळं छत उतरवावं लागतं. तेवढ्या लांबीचा दगड नव्यानं काढायचा, आणायचा, चढवायचा. कमान हे काम वेगळ्या रीतीनं करते. लहान-लहान दगड एकमेकांवर रेलतात, सगळे दाबात राहतात, ताण कुणालाच नाही. म्हणजे छत जागेवर ठेवून, खालून, हाताशी असलेल्या दगडात आधार देता येतो. त्या पाथरवटांनी जे केलं ते अडाणीपणातून केलं नव्हतं. त्या अडचणीला तेच शहाणं उत्तर होतं. कमान कशी फिरवायची हे चांद्याचे गोंड कारागीर चांगलं जाणत होते. चंद्रपूरचा परकोट आणि त्याच्या वेशी पाहा, शंका उरणार नाही. जाड खांब आम्हाला कुरूप वाटले, कारण त्यांच्यावर नक्षी नव्हती. पण छत पडत असताना नक्षी कोण काढतं हो?

आणि आणखी एक. त्या पाथरवटांनी फसवलं नाही. जुन्या खांबाची नक्कल करून 'हे पहिल्यापासून असंच होतं' असा आव आणला नाही. जुनं कुठे संपतं आणि आमचं कुठे सुरू होतं, हे कुणालाही दिसावं असं काम केलं. 1964 च्या व्हेनिस सनदेत जगभरच्या तज्ज्ञांनी हेच लिहिलं : वास्तूवर प्रत्येक काळानं घातलेली खरी भर जपा, सगळं एका शैलीचं करणं हे जीर्णोद्धाराचं ध्येय नाही, आणि नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं. आपल्याकडे त्याआधी जॉन मार्शलनं 1923 च्या पुस्तिकेत पुरातत्त्व खात्याच्या माणसांना जवळपास हेच बजावलं होतं. आम्ही ते तेव्हा वाचलं नव्हतं. वाचायला हवं होतं.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून एक खंत वेगळी आहे. मिलिंदपञ्ह आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की रथ म्हणजे नेमकं काय? आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हा धडा वर्गात रंगवून सांगायचा, आणि मार्कंड्याला गेल्यावर मात्र 'मूळ देऊळ' नावाची वस्तू कमानींच्या मागे कुठेतरी लपून बसली आहे असं समजायचं! धडा वर्गातच राहिला म्हणायचा.

बरं, हे आपल्या लोकांना कळत नाही असंही नाही. आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. शतकं उलटली, पाळीवर किती वेळा माती पडली, सांडवा किती वेळा फुटला आणि पुन्हा बांधला, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. कुणी कधी विचारलं का, की ही पाळ मूळची आहे का? पाळ ती, जी दरवर्षी बांधली जाते. ज्या वर्षी कुणी माती टाकणार नाही, त्या वर्षापासून तलाव उतरायला लागेल.

मग सगळीच डागडुजी चांगली का? नाही. आपल्याकडे गावोगाव जुन्या देवळांना जो ऑईल पेंट फासतात, गाभाऱ्यात न्हाणीघराच्या टाइल्स बसवतात, शिल्पावर सिमेंट थापतात, त्याचं समर्थन आम्ही करणार नाही. लोकांची भक्ती खरी असते, त्याबद्दल वाद नाही. पण रंग मूर्तीचे डोळे-नाक बुजवतो, आणि सिमेंट दगडातली ओल आत कोंडून दगडच फोडतं. गोंड कमानीनं जुन्या दगडाला वाचवलं. सिमेंट त्याला खातं. फरक दिसायला हवा.

हे सगळं आज का बोलतो आहोत? कारण अलीकडच्या वर्षांत मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे वरचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचं काम पुरातत्त्व खात्यानं हाती घेतलं. काम लांबत गेलं, आणि भाविकांचा जीव टांगणीला लागला. ते लवकर पुरं व्हावं ही सगळ्यांची इच्छा आहे, आमचीही. असं काम करताना प्रत्येक दगडावर क्रमांक टाकतात, नकाशावर त्याची जागा नोंदवतात, म्हणजे तो परत त्याच ठिकाणी बसतो. गेल्या यात्रेत आमच्या शेजारी रांगेत उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "आता नवं होते तं जुन्यावाणी एकदम झक्क करून टाकावं, मधातले ते खांब कायले पायजे?" चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही जे लिहिलं होतं तेच ते बोलत होते. आम्ही त्यांना म्हणालो, "दादा, ते खांब नसते तर तुमच्या आजोबांना या मंडपात उभं राहता आलं नसतं." ते काही बोलले नाहीत. रांग पुढे सरकली.

क्रमांक टाकताना त्या अनाम गोंड पाथरवटाच्या दगडांवरही क्रमांक पडला पाहिजे, एवढं म्हणायला आम्ही आज उभे राहिलो. चामोर्शीकडची मंडळी इथे बसली आहेत, त्यांनी पुढच्या वेळी गेल्यावर ते पाहून आम्हाला कळवावं. आता प्रश्न घेऊ.