स्टेरॉइड घेतल्यानंतर काही महिन्यांनी जांघ दुखतेय? दुखणं अंगावर काढू नका!

कोविडमधून बरे झालात, घरी आलात, कामाला लागलात. आणि दोन महिन्यांनी अचानक जांघेत दुखायला लागलं. मांडी घालून बसता येईना, जिना चढताना कळ येऊ लागली. आपण काय म्हणतो? "शीर आखडली असेल, बाम लाव!"

२०२१ मध्ये मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशाच तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिघांनाही कोविडच्या उपचारात स्टेरॉइड दिलं होतं. कोविडचं निदान झाल्यावर सरासरी ५८ दिवसांनी त्यांच्या खुब्याचं हाड दुखू लागलं. आजाराचं नाव होतं ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजेच एव्हीएन.

एव्हीएन म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर रक्त न मिळाल्याने हाडाचा भाग मरणे. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं. या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. पाट तुंबला की शेवटच्या वाफ्यातलं पीक वाळतं, तसंच इथे होतं. मेलेला भाग हळूहळू ठिसूळ होतो आणि अंगाच्या भाराने खचतो. मग सांधाच झिजू लागतो.

यात स्टेरॉइडचा काय संबंध?

स्टेरॉइडमुळे शरीरातल्या चरबीचं गणित बिघडतं. हाडाच्या आतल्या चरबीच्या पेशी फुगतात, आतला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, असं मानलं जातं. डोस जितका मोठा, तितका धोका जास्त. मुंबईच्या तीन रुग्णांना मात्र सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन मिळालं होतं. आधीच्या वैद्यकीय नोंदींमध्ये हा आकडा साधारण २००० मिलिग्रॅम होता. दारूचं व्यसन आणि सिकलसेल असणाऱ्यांना स्टेरॉइड न घेताही हा आजार होऊ शकतो.

मग स्टेरॉइड वाईट का?

अजिबात नाही! २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. संधिवात, ल्युपस, किडनी प्रत्यारोपण अशा अनेक ठिकाणी हे औषध लागतंच. दम्याच्या इनहेलरमधला डोस अगदी कमी असतो, त्याला घाबरून तो बंद करू नका. बरेच दिवस चालू असलेल्या गोळ्याही स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, त्यामुळे अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात.

कोणती लक्षणं ओळखायची?

- जांघेत किंवा कुल्ह्यात दुखणं, कधी मांडीत आणि गुडघ्यातही
- मांडी घालून किंवा उकिडवं बसताना त्रास होणं
- चालताना लंगडणं
- पुढे पुढे रात्री झोपेतही दुखणं

अनेकदा दोन्ही खुब्यांना त्रास होतो, म्हणून एकच बाजू दुखत असली तरी दोन्हींची तपासणी करतात.

एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे सुटलो?

इथेच बरेच जण फसतात. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. एव्हीएन लवकर पकडायचा तर एमआरआय लागतो. म्हणूनच अस्थिरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा, "मी अमुक महिन्यात स्टेरॉइड घेतलं होतं." रुग्णालयातून मिळालेलं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. त्यात औषधाचं नाव आणि डोस लिहिलेला असतो.

उपचार आहे का?

हाड खचण्याआधी निदान झालं तर काही रुग्णांमध्ये औषधांनी किंवा हाडाला बारीक छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रियेने मूळ सांधा वाचवता येतो. डोकं खचून सांधा खराब झाला, तर बहुतेकदा कृत्रिम खुबा बसवावा लागतो.

मुंबईतले ते तिघे स्वतः डॉक्टर होते, त्यामुळे त्यांनी लक्षणं लगेच ओळखली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. आपण डॉक्टर नाही. पण स्टेरॉइड घेतलेल्या आपल्या माणसाची जांघ दुखत असेल, तर बामची बाटली देण्याआधी त्याला दवाखान्यात तर नेऊ शकतो ना?