दोन जरीब आणि दीडशे रुपये

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात पांढरकवड्याच्या मशिदीत फित्र्याची रक्कम जाहीर होते. दरवर्षी ती वेगळी असते. हनफी हिशोबाने फित्रा म्हणजे अर्धा साअ गहू, साधारण पावणेदोन ते दोन किलो. गव्हाचा बाजारभाव विचारायचा, गुणाकार करायचा आणि रक्कम सांगायची. गहू महागला की फित्रा आपोआप वाढतो.

मागे एकदा याच दिवसांत मोहल्ल्यातल्या जकातीची यादी करायला मी बसलो होतो. यादीत एक खाला होत्या. त्यांचे मरहूम पती पिंजारी होते, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. घरात शिधापत्रिका केशरी. निराधार योजनेचा अर्ज केला होता, पण उत्पन्नाचा दाखला मर्यादेच्या वर गेला म्हणून तो नामंजूर झाला. खाला म्हणाल्या, "भाऊ, दाखल्यावर जास्त लिहिलं म्हणून काय माझ्या डब्यात पीठ वाढलं का?"

हा प्रश्न केळापूर तालुक्यात नवा नाही. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीखालची जमीन कापसाखाली जाऊ लागली. कापूस विकता येतो, खाता येत नाही. ज्याच्या शेतात पूर्वी ज्वारी व्हायची, तो धान्यासाठी बाजारावर अवलंबून राहू लागला. 1899-1900 च्या दुष्काळात याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती ज्याच्याकडे जमीनही नव्हती आणि साठाही नव्हता, त्या मजुराने. सालदाराचे साल ठरवताना रोकडीबरोबर ज्वारीच्या पायल्या ठरवून घेण्याची जुनी रीत होती, ती का, हे इथे कळते. रुपयाचे मोल बदलते. पायलीत मावणारी ज्वारी तेवढीच राहते.

इस्लामी इतिहासात हा प्रश्न फार लवकर पुढे आला होता. नवव्या शतकातील इतिहासकार बलाजुरी यांनी 'फुतूहुल बुलदान' या ग्रंथात एक रिवायत दिली आहे. बैतुलमालमधून लोकांना धान्य वाटायचे होते. माणशी किती द्यावे, हा प्रश्न होता. हजरत उमर (रजि.) यांनी एक जरीब धान्य दळून भाकऱ्या करायला लावल्या आणि तीस माणसांना पोटभर जेवू घातले. संध्याकाळी पुन्हा तसेच केले. दोन वेळचा हिशोब जुळल्यावर त्यांनी ठरवले की एका माणसाला महिन्याला दोन जरीब पुरतात. गरज आधी मोजली, मदत नंतर ठरली.

दुसरी रिवायत इब्न साद यांच्या 'तबकात'मधली आहे. मुलाचे दूध सुटल्यावरच त्याचा वजीफा सुरू होईल, असा नियम होता. एका रात्री हजरत उमर यांना एक बाळ सारखे रडताना ऐकू आले. चौकशी केली तेव्हा कळले की वजीफा लवकर मिळावा म्हणून आई त्याचे दूध वेळेआधीच तोडत होती. खलिफा हादरले. त्यांनी नियम बदलला आणि जन्मल्या दिवसापासून वजीफा लागू केला. चूक नियमाची होती.

आता आपल्याकडच्या नियमांकडे पाहू. केशरी कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची एक लाखाची मर्यादा 1999 ची आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभासाठी राज्याने ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरी भागात 59 हजारांची मर्यादा घातली. शहरी मर्यादा म्हणजे सगळ्या कुटुंबाला दिवसाला साधारण 161 रुपये. संजय गांधी निराधार योजनेची सर्वसाधारण मर्यादा 21 हजार. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे एखाद्या विधवेने वर्षात 71 दिवस सरकारी कामावर माती उचलली, तर सरकारच्याच हिशोबाने ती निराधार उरत नाही. मग दाखल्यावर उत्पन्न कमी दाखवावे लागते. गरिबाला खोटे बोलायला लावणारा नियम आणि आईला दूध तोडायला लावणारा नियम यांत फरक तो काय?

आणखी एक उदाहरण यवतमाळच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे हवालदिल झालेल्या 14 जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून माणशी पाच किलो धान्य, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने मिळू लागले. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचवीस किलो धान्य येत होते. 2022 मध्ये त्यासाठीचा पुरवठा थांबला. जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी माणशी 150 रुपये खात्यात येऊ लागले. एप्रिल 2024 पासून त्याचे 170 झाले. रोकड वाईट असते असे नाही. पण पाच किलो गहू भाव वाढला तरी पाच किलोच राहतो. दीडशे रुपयांचा गहू मात्र दर हंगामात कमी होत जातो. शिवाय ही योजना सातबारा असणाऱ्यांची होती. पिंजाऱ्याच्या, हमालाच्या, भूमिहीन मजुराच्या घरात केशरी कार्ड असले तरी सातबारा नसतो. आपल्या समाजातली कितीतरी घरे या फटीत राहतात.

बोट सरकारकडे दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. जकात कोणावर फर्ज आहे, हे साडेबावन्न तोळे चांदीच्या भावावरून ठरते. फित्रा गव्हाच्या भावावरून ठरतो. म्हणजे देणाऱ्याचे माप आपण दरवर्षी तपासतो. घेणाऱ्याचे? त्या दिवशी मी जुन्या वह्या उघडल्या. बेवा बहिणींना दरमहा द्यायची रक्कम कित्येक वर्षांपासून तीच होती. कोणी कमी केली नव्हती आणि कोणी वाढवलीही नव्हती. त्या रकमेत आता किती पीठ, किती तेल येते, हे कधी कोणी मोजले नव्हते. त्यात मीही होतो.

सरकारने उत्पन्नाच्या मर्यादा आणि मदतीच्या रकमा महागाईशी जोडाव्यात, ही मागणी आपण करतच राहू. ती न्याय्य आहे. पण मोहल्ल्याचा बैतुलमाल आपल्या हातात आहे. फित्र्याची रक्कम ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी खालांच्या वजीफ्याचीही ठरावी. त्यासाठी किराणा दुकानात जाऊन एका माणसाच्या महिन्याच्या शिध्याचा भाव विचारावा लागेल. हजरत उमर यांनी तीस माणसे जेवू घातली होती. आपल्याला फक्त एक यादी करायची आहे.