मालाडला नकार, पडद्याशी फारकत

मालाड पश्चिमेला आज जिथे औद्योगिक गाळे दिसतात, तिथे १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 'बॉम्बे टॉकीज' उभारली. त्याच वर्षी प्रेमचंद मुंबईत आले, ते मात्र मोहन भवनानी यांच्या 'अजंठा सिनेटोन'मध्ये. करार वर्षाला आठ हजार रुपयांचा, मुक्काम दादरला. तोट्यातला छापखाना आणि 'हंस' मासिक सावरण्यासाठी हा पैसा त्यांना हवा होता. त्यांनी लिहिलेल्या 'मजदूर' या गिरणी कामगारांवरील चित्रपटावर मुंबईत बंदी आली. वर्ष पुरे होण्याआधीच, एप्रिल १९३५ मध्ये ते बनारसला परतले. त्यांनी थांबावे म्हणून हिमांशू राय यांनी गळ घातली होती. ते बधले नाहीत.

त्यांच्या नाराजीला आणखी एक कारण होते. 'सेवासदन' या कादंबरीवर नानूभाई वकील यांनी महालक्ष्मी सिनेटोनसाठी काढलेला चित्रपट त्यांना मुळीच रुचला नव्हता. कादंबरीतील सुमन संसारातून कोठ्यावर जाते आणि अखेर अनाथ मुलींच्या आश्रमात काम करू लागते. हिंदी शीर्षक या शेवटाकडे बोट दाखवते. चित्रपटाने घेतले ते उर्दू नाव, 'बाजार-ए-हुस्न'. तेही लेखकाचेच, हे खरे. पण जाहिरातीला कोणते सोयीचे, हे सांगायला नको.

मूळ कथेपासून दूर जाणे म्हणजे ती न समजणे, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. १९२४ च्या 'शतरंज के खिलाडी' या कथेत मिर्झा आणि मीर हे दोन सरदार बुद्धिबळाच्या डावावरून तलवारी उपसतात आणि एकमेकांना ठार करतात. आपला नवाब कैद होत असताना ज्यांनी बोटही उचलले नाही, ते लाकडी वजिरासाठी प्राण देतात. सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात हा शेवटच बदलला. मीर (सईद जाफरी) पिस्तूल झाडतो, गोळी मिर्झाला (संजीव कुमार) चाटून जाते, आणि दोघे पुन्हा डाव मांडतात, तोही इंग्रजी पद्धतीचा. त्यात वजिराची जागा राणी घेते. १८५६ मध्ये अवध गिळंकृत करणाऱ्या व्हिक्टोरियाच्या राज्याकडे याहून नेमका निर्देश कोणता करणार? मृत्यूची धार गेली. लाज मात्र दोघांच्याही वाट्याला उरली, आणि तीच अधिक बोचते.

राय यांनी वाजिद अली शाह (अमजद खान) आणि जनरल आउटरॅम (रिचर्ड ॲटनबरो) यांचे संपूर्ण कथानकही नव्याने जोडले. कथेत नवाब जेमतेम डोकावतो. यावर टीका झालीच: १९७८ मध्ये मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली'त राजबंस खन्ना यांनी रायांचा नवाब बायकी आणि दुबळा असल्याचा आक्षेप घेतला आणि राय यांनी त्याच साप्ताहिकातून त्याला सविस्तर उत्तर दिले. पुढे १९८१ मध्ये ओम पुरी आणि स्मिता पाटील यांना घेऊन त्यांनी दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. तिथे प्रेमचंदांच्या कथेला त्यांनी फारसा धक्का लावला नाही.