बिरुया येथील शास्त्रपरीक्षण

ऐकलेली धर्मशिकवण स्वीकारण्याआधी ती पवित्र शास्त्राशी ताडून पाहण्याच्या ख्रिस्ती प्रथेचे आद्य उदाहरण. बिरुया हे प्राचीन मॅसिडोनियातील नगर, म्हणजे उत्तर ग्रीसमधले आजचे वेरिया. ते थेस्सलनीकाच्या पश्चिमेला सुमारे ७० किमी.वर, वर्मिओ पर्वताच्या पायथ्याशी आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या १७व्या अध्यायात (ओव्या १० ते १५) ही हकिकत येते.

इ. स. ५०च्या सुमारास थेस्सलनीकात दंगा उसळला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती बंधुजनांनी प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवून दिले. पोचल्यावर दोघे यहुद्यांच्या सभास्थानात गेले. ख्रिस्ताने दुःख सोसणे व मेलेल्यांतून उठणे अगत्याचे होते आणि तो ख्रिस्त म्हणजे येशूच, असे पौलाने थेस्सलनीकात शास्त्राधारे मांडले होते. बिरुयातही त्याने हाच उपदेश केला असणार. श्रोत्यांनी तो मोठ्या उत्सुकतेने ऐकून घेतला आणि या गोष्टी अशाच आहेत काय, हे दररोज शास्त्रात शोधून पाहिले. पुष्कळांनी विश्वास ठेवला. त्यांत प्रतिष्ठित ग्रीक स्त्रिया व पुरुषही होते. पुढे थेस्सलनीकाचे विरोधक बिरुयात येऊन लोकांना चिथावू लागले, तेव्हा पौलाला समुद्राकडे व तेथून अथेन्सला नेण्यात आले. सीला आणि दुसरा सोबती तीमथ्य मागे राहिले. पौलाच्या नंतरच्या प्रवासातील सोबत्यांत बिरुयाचा सोपत्र आढळतो (प्रे. कृ. २०:४).

या श्रोत्यांपुढचे शास्त्र म्हणजे आज ज्याला जुना करार म्हणतात तो, बहुधा त्याच्या ग्रीक भाषांतरात. नवा करार अजून लिहिला जायचा होता. ग्रंथाच्या गुंडाळ्या महाग असत व त्या सभास्थानात ठेवलेल्या असत. त्यामुळे ही तपासणी एकेकट्याने घरी बसून झालेली नसावी. ती मिळून, वाचून, चर्चा करून झाली असणार. ज्याची परीक्षा झाली तो साक्षात प्रेषित होता, तरी ग्रंथकर्ता त्याबद्दल श्रोत्यांना दोष देत नाही; उलट त्यांना थेस्सलनीकाकरांपेक्षा उमद्या मनाचे ठरवतो. हे सांगणाऱ्या ओवीत उत्सुकता आणि तपासणी एकत्र नांदतात. पडताळणी म्हणजे अविश्वास, असे मानणाऱ्या उपदेशकांना या ओवीचा आधार मिळत नाही. मात्र थेस्सलनीकातल्या विरोधकांच्या हाती हेच शास्त्र होते, हेही विसरता येत नाही. ग्रंथ एकच असूनही निर्णय वेगळे झाले. शास्त्र जवळ असणे पुरेसे नाही, ते कोणत्या वृत्तीने उघडले जाते यावर बरेच अवलंबून असते.

नव्या करारात अशा परीक्षेच्या सूचना अन्यत्रही आहेत. सर्व गोष्टी पारखून चांगले ते धरून ठेवावे, असे पौल थेस्सलनीकाकरांनाच लिहितो; योहानाचे पहिले पत्र आत्म्यांची परीक्षा करायला सांगते. ‘दिदाखे’ या आरंभकालीन पुस्तिकेत कसोटी आचरणाची आहे: फिरता उपदेशक तीन दिवस मुक्काम करील किंवा पैसे मागेल, तर तो खोटा समजावा.

सोळाव्या शतकात शिकवण शास्त्राशी ताडण्याचा हा प्रश्न मंडळीच्या अधिकाराचा झाला. १५२१ मध्ये वर्म्स येथे धर्मसुधारक मार्टिन लूथरने शास्त्र किंवा स्पष्ट तर्क यांनी आपली चूक दाखवल्याखेरीज माघार घेण्यास नकार दिला. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये शास्त्राबरोबर प्रेषितांकडून आलेल्या परंपरांनाही सारखाच मान दिला. शास्त्राचा अधिकृत अर्थ लावण्याचे काम धर्मसभेच्या अध्यापनाधिकाराचे, ही कॅथलिक भूमिका आहे. प्रॉटेस्टंट पंथांत बिरुयाची ओवी सामान्य विश्वासणाऱ्याच्या वाचनाचा आधार म्हणून पुढे केली जाते.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या वृत्तीचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या वास्तव्यात सिस्टर जेराल्डीन व प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर नेटाने प्रश्न विचारले. ख्रिस्ताच्या मंडळीत आपण सामील आहोत, पण धर्मगुरू किंवा बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानण्यास बांधील नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. लहानपणापासून संस्कृत ग्रंथांत वाढलेल्या या विदुषीला आधार मागण्याची सवय नवी नव्हती. बाप्तिस्म्यानंतर ती सवय सोडावी, असे त्यांना वाटले नाही, एवढेच. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही शास्त्र स्वतः वाचता यावे, हा त्यामागचा हेतू होता. हे भाषांतर रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.