कंपवाताची गोळी काही वर्षांनी लागू पडेनाशी होते का?

‘गोळी आत्ताच सुरू केली तर पुढे उपयोग होणार नाही,’ या भीतीने कंपवाताचे (पार्किन्सन्स) अनेक रुग्ण उपचार लांबवतात. ही भीती कितपत खरी?

या आजारावरचे सर्वात परिणामकारक औषध म्हणजे लेव्होडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामाइन बनते आणि ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली, बऱ्याचदा थरथरही कमी होते. पहिली काही वर्षे दिवसाला तीन गोळ्या सहसा पुरतात. पुढे मात्र पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच पाय जखडू लागतात. काहींचे अंग गोळीचा जोर असताना आपोआप वळवळते, मान डोलते. घरच्यांना वाटते, आजारच उफाळला. प्रत्यक्षात तो औषधाचा परिणाम असतो.

लेव्होडोपाचे रक्तातले प्रमाण साधारण दीड तासात निम्मे होते. सुरुवातीला मेंदूतल्या शिल्लक पेशी डोपामाइन साठवून बेताने सोडतात. पेशी घटल्या की साठवणही घटते. म्हणजे गोळी निकामी होत नाही, तिचा असर कमी वेळ टिकतो.

घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. घानात उपचार बरेच उशिरा सुरू झाले होते, तरी हे त्रास दोन्हीकडे आजाराच्या जवळपास त्याच टप्प्यावर दिसले. आजार किती जुना आणि डोस किती मोठा, यावर ते अवलंबून होते. गोळी लांबवून हाती काही लागले नाही.

परभणीच्या ताटातले तुरीचे वरण, दूध, अंडी यांतली प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात आडवी येतात. असर कमी टिकू लागला की गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. वरण सोडायचे नाही, वेळ सांभाळायची.

बांधावरच्या खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. मुंबईतल्या संशोधकांनी 1978 मध्येच तिचा रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. पण घरगुती चूर्णात औषध किती, ते कळत नाही; गोळीसोबत परस्पर घेतल्यास डोस जास्त होऊ शकतो.

तोल जाणे, बद्धकोष्ठता, विसराळूपणा यांवर लेव्होडोपाचा फारसा उपयोग होत नाही. तरीही गोळी एकदम बंद करणे धोक्याचे: तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद ठेवावी: गोळी कधी घेतली, असर कधी सुरू झाला, कधी ओसरला. डोस किती आणि किती वेळा विभागायचा, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.