आत्याच्या रानातले रोहित

आमचं गाव माळशिरस तालुक्यातलं, नीरा उजव्या कालव्याखालचं. आत्या मात्र भीमेच्या काठी दिली होती, करमाळ्याच्या बाजूला. उन्हाळ्यात आम्ही पोरं तिकडं जायचो. नदीच्या वाळूत आत्या कलिंगडाचे वेल लावायची. दिवसभर नदीत डुंबायचं अन् भूक लागली की कलिंगड फोडायचं.

१९६६ ला उजनी धरणाचं काम सुरू झालं, १९८० ला पुरं झालं. पाणी मागं मागं चढत आलं अन् काठची गावंच्या गावं उठली. आत्याच्या घराचे वासे, तुळया बैलगाडीत भरल्या तेव्हा मी गाडीमागं चालत होतो. देवळातला देव हलवला, पण काळी जमीन कशी हलवणार? दुसरीकडं जमीन मिळाली, पण आत्या मरेपर्यंत 'माझं रान' म्हणायची ते पाण्याखालचंच.

आत्याचा थोरला, दादा, त्या पाण्याकडं पुन्हा फिरकला नाही. मागल्या मार्चात नातवानं रोहित पक्षी बघायचा हट्ट धरला, तेव्हा मी दादालाही गाडीत घातलं. अकलूज, सराटीचा पूल, इंदापूर करत पहाटेच भिगवणजवळच्या कुंभारगावात पोचलो. मासेमारी करणारी तिथली पोरं आता होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात.

उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्याकडं पाणी उतरलं की काठचा गाळ उघडा पडतो. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून त्यातलं शेवाळ अन् बारीक जीव गाळून खातो. त्या खाण्यानंच त्याच्या पंखांना लाली येते. अंडी घालायला तो कच्छच्या रणात जातो. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून इथं येतात.

दादा गप्प होता. डिकसळचा रेल्वेचा जुना दगडी पूल दिसला अन् तो सावरून बसला. पुलावरनं अंदाज धरत बोटानं दाखवू लागला, "तिकडं चावडी. ही चिंच. अन् ही आपली गाळपेराची पट्टी बघ." त्या अंगाला गाळात शे-दोनशे रोहित चरत होते.

होडीवाला पोरगा म्हणाला, "बाबा, जवळ घेतो. उडाले की फोटो लई भारी येतो."

दादानं त्याचा हात धरला. "नको लेकरा, उठवू नको त्यास्नी. उठवल्यावर काय होतं, ते आमाला ठावं हाय."

पोरानं होडी तिथंच थांबवली. म्हणाला, "आमच्या आज्याचं रानबी इथंच गेलं, बाबा."

नातवाचे फोटो लांबूनच आले, बारके. वाचकहो, तुम्हीही जा, पण लांबूनच बघा. ते पाखरू लांबून आलेलं असतं अन् त्याच्या पायाखाली कुणाचं तरी रान असतं.