मोठी एसयूव्ही घ्यायची आहे? डिझेल, पेट्रोल की हायब्रीड : सही करण्याआधी हा हिशेब मांडा

वाशिम : समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव आणि रिसोड तालुक्यांतून गेला आणि जिल्ह्यातल्या लोकांचं गाडी घेण्याचं गणितच बदललं. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आता शेलूबाजारहून निघालेली गाडी थेट मुंबईच्या वेशीवर जाते. त्यामुळे फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांसारख्या मोठ्या गाड्यांची चौकशी गावागावात होते.

रंग, सनरूफ, टचस्क्रीन हे सगळं शोरूममध्ये दिसतं. इंजिन मात्र बोनेटखाली असतं आणि पुढची दहा वर्षं खिशावर तेच बोलतं. 'मोठी गाडी म्हणजे डिझेलच' हे जुनं सूत्र आता सगळ्यांना लागू पडत नाही. कुणाला काय परवडेल, ते बघू.

ताकद कुठे मिळते?

डिझेल इंजिन कमी आरपीएमवर जास्त टॉर्क देतं. सात माणसं, सामान आणि घाट असला तरी गाडी दमत नाही ती यामुळेच. फॉर्च्युनरचंच उदाहरण घ्या. तिच्या 2.8 लिटर डिझेलची ताकद 204 पीएस आहे. टॉर्क मॅन्युअलमध्ये 420 आणि ऑटोमॅटिकमध्ये 500 न्यूटन मीटर. त्याच गाडीचं 2.7 लिटर पेट्रोल इंजिन 166 पीएस आणि 245 न्यूटन मीटरचं. म्हणजे टॉर्क जवळपास निम्मा.

पण पेट्रोल म्हणजे कमजोर, असंही नाही. फॉर्च्युनरचं पेट्रोल इंजिन बिनटर्बोचं आहे. स्कॉर्पिओ-एनमध्ये 2 लिटर टर्बो पेट्रोल आहे, त्याची ताकद 203 पीएस. तिचंच 2.2 लिटर डिझेल वरच्या मॉडेलला 175 पीएस आणि सुरुवातीच्या मॉडेलला 132 पीएस देतं. म्हणून फक्त 'पेट्रोल की डिझेल' विचारू नका. टर्बो आहे का आणि तुम्ही घेताय त्या मॉडेलला नेमकी किती ताकद मिळते, हेही विचारा.

खरा हिशेब किलोमीटरचा

डिझेल गाडी महाग, पण चालवायला स्वस्त. मग फरकाचे पैसे कधी वसूल होतात? एक नमुना हिशेब पाहा. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या पंपाचा भाव आणि तुमचं कोटेशन टाका.

- पेट्रोल गाडी 35 लाख, डिझेल गाडी 38 लाख (एक्स-शोरूम). फरक 3 लाख.
- महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या खाजगी गाडीला पेट्रोलसाठी 13 टक्के आणि डिझेलसाठी 15 टक्के वाहन कर. म्हणजे पेट्रोलला 4.55 लाख, डिझेलला 5.70 लाख. इथे आणखी 1.15 लाखांचा फरक.
- एकूण जादा खर्च 4.15 लाख.
- पेट्रोल 105 रुपये आणि मायलेज 9 धरलं तर किलोमीटरला 11.67 रुपये. डिझेल 92 रुपये आणि मायलेज 12 धरलं तर 7.67 रुपये. बचत किलोमीटरमागे 4 रुपये.

4.15 लाख भागिले 4, म्हणजे जवळपास 1 लाख 4 हजार किलोमीटर. वर्षाला 10 हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हे पैसे वसूल व्हायला दहा वर्षांच्या वर लागतात. वर्षाला 25 हजार फिरणाऱ्याचे चार वर्षांत निघतात. कर्जावर घेतली तर जादा रकमेचं व्याजही यात धरा.

कराचा हा 2 टक्के फरक बरेच जण विसरतात, कारण कोटेशनमध्ये तो 'आरटीओ' या एका ओळीत दडलेला असतो. जीएसटीत मात्र फरक नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीला पेट्रोल असो की डिझेल, सरसकट 40 टक्के जीएसटी आहे. इलेक्ट्रिक गाडीला तो 5 टक्केच.

गावातल्या गावात फिरणार असाल तर सावधान

बीएस-6 नियम एप्रिल 2020 पासून लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते आणि साचली की जाळून टाकते. त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, आणि तो तापतो सलग चालवल्यावर. घर ते मार्केट यार्ड, तिथून तहसील आणि परत घर, एवढंच फिरणं असेल तर जाळी चोंदते. लग्नात नाहीतर सभेच्या ठिकाणी एसी लावून दोन-दोन तास गाडी चालू ठेवली तरी तेच.

डीपीएफचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका. गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. तरीही दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा. ही जाळी बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो. 'काढूनच टाकू' म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटीही जाते.

शेतकरी ग्राहकांसाठी आणखी दोन गोष्टी :

- ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल या गाडीत टाकू नका. त्यातलं पाणी आणि कचरा इंजेक्टर खराब करतो.
- काही डिझेल गाड्यांना अ‍ॅडब्लू लागतं. हे 32.5 टक्के युरियाचं शुद्ध द्रावण असतं. पोत्यातला युरिया पाण्यात कालवून चालत नाही, यंत्रणा बिघडते. अ‍ॅडब्लूची टाकी पूर्ण रिकामी झाली तर इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही.

पांदण रस्ता आणि फोर बाय फोर

पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर दोन चाकांची ताकद कमी पडते. फोर बाय फोर हवं असेल तर निवड आपोआप होते. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन या दोन्हींत फोर बाय फोर फक्त डिझेलवरच मिळतं. पण एक लक्षात ठेवा, टायर हायवेचे असले तर चिकण मातीत फोर बाय फोरही घसरतं. वर्षातून दोनदाच शेतात जायचं असेल, तर त्यासाठी लाखो रुपये जादा मोजायचे का, हे घरात बसून ठरवा.

हायब्रीड आणि ई-20

'हायब्रीड' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. इनोव्हा हायक्रॉसचं 2 लिटर पेट्रोल हायब्रीड थोडं अंतर निव्वळ बॅटरीवरही चालतं आणि गावातल्या थांबत-थांबत चालण्यात पेट्रोल वाचवतं. फॉर्च्युनरचं 48 व्होल्टचं डिझेल हे माइल्ड हायब्रीड आहे. ते इंजिनाला थोडी मदत करतं, बॅटरीवर गाडी पळवत नाही. सेल्समनला विचारा, यातलं कोणतं?

पेट्रोल घेणाऱ्यांनी मायलेज धरताना ई-20 ध्यानात घ्यावं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतंच. जुनी पेट्रोल गाडी घेत असाल तर ती ई-20 ला चालते का, हे पाहा.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी

दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या मोठ्या गाड्या आपल्याकडे कमी भावात येतात. स्वस्त दिसली तरी तिकडच्या आरटीओची एनओसी, कर्ज फिटल्याची नोंद, इथला वाहन कर आणि एमएच-37 चा नवा नंबर हा सगळा खर्च व वेळ धरा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. डीपीएफ जागेवर आहे का, तेही मेकॅनिकला दाखवून घ्या.

थोडक्यात कुणी काय घ्यावं

- वर्षाला 20-25 हजार किलोमीटरच्या वर, समृद्धीवर नियमित फेऱ्या, भरलेली गाडी : डिझेल.
- पांदण रस्ता रोजचाच : डिझेल, फोर बाय फोर.
- वर्षाला 10-12 हजार, बहुतेक फिरणं गावात : टर्बो पेट्रोल किंवा हायब्रीड.
- घरी स्वतःचं चार्जिंग आणि ठरलेला रोजचा मार्ग : इलेक्ट्रिकचाही विचार करा.

बुकिंगआधी मागच्या वर्षी आपली गाडी किती फिरली, हे मीटरवरून काढा. अंदाजाने सांगितलेला आकडा बहुतेक वेळा जास्तच असतो. ट्रायल घेताना एकट्याने नको, घरचे पाच-सहा जण बसवून घ्या. आणि सर्व्हिस सेंटर वाशिमात आहे की प्रत्येक वेळी अकोला नाहीतर नागपूर गाठावं लागेल, हे पैसे भरायच्या आधी विचारा.